महागाईचा चिवटपणा : भरपाई कोणाला आणि किती लवकर

महागाईच्या चर्चेत ती किती चढली हा प्रश्न नेहमी पुढे असतो. चढल्यावर ती किती काळ मुक्काम ठोकते, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुधा अर्थशास्त्राच्या नियतकालिकांपुरताच राहतो. अर्थशास्त्रज्ञ या गुणाला ‘पर्सिस्टन्स’ म्हणतात आणि मराठीत त्याला ‘चिवटपणा’ हा शब्द चपखल बसतो. एखादा धक्का बसून, म्हणजे पाऊस दडी मारून, तेल भडकून किंवा रुपया घसरून, महागाईचा दर आपल्या नेहमीच्या पातळीपासून दूर गेला, तर तो परत यायला किती वेळ घेतो, याचे हे माप आहे. परतीची वाट महिन्याभरात कापली गेली तर महागाई अल्पजीवी आणि वर्षानुवर्षे कापली गेली नाही तर चिवट. हा गुण एकाच देशात काळानुसार बदलतो आणि एकाच काळात देशोदेशी वेगळा दिसतो, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो बदल नेमका कशात झाला आणि त्याचे श्रेय किंवा दोष कोणाकडे जातो, याविषयी.

येथे एक भेद आधीच स्पष्ट करणे इष्ट आहे. महागाईचा दर म्हणजे भाव चढण्याचा वेग. भावांची पातळी ही निराळी गोष्ट. दर आठ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला, तर शास्त्रीय भाषेत महागाई ‘उतरली’, परंतु बाजारातील एकही वस्तू त्यामुळे स्वस्त झालेली नसते. ती फक्त सावकाश महाग होऊ लागलेली असते. सरकारी निवेदने आणि घरातील जमाखर्च यांच्यात जो कायमचा विसंवाद असतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच भेदात आहे, आणि चिवटपणा हा वेगाचा गुण आहे, पातळीचा नव्हे, हे विसरले की पुढचे सारे विवेचन गोंधळाचे होते.

मोजमापाची सर्वांत साधी रीत अशी : या महिन्याच्या दरातला किती हिस्सा मागील महिन्याच्या दराने आधीच ठरवलेला असतो, हे पाहायचे. या हिश्शाला स्वसहसंबंधाचा गुणक म्हणतात, कारण येथे एका मालिकेचा संबंध तिच्याच भूतकाळाशी जोडलेला असतो. गुणक ०.५ असेल, तर एक टक्क्याचा धक्का पुढच्या महिन्यात अर्धा आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पाव टक्का उरतो. गुणक ०.९ असेल, तर तो अर्ध्यावर यायला सुमारे साडेसहा महिने लागतात, आणि ०.९८ असेल तर जवळजवळ तीन वर्षे. धक्का अर्ध्यावर येण्याच्या या अवधीला किरणोत्सर्गी द्रव्यांवरून उसना घेतलेला ‘अर्धायुष्य’ हा शब्द वापरतात. गुणक थेट १ झाला, तर धक्का कधीच विरत नाही. दर जिथे ढकलला गेला तिथेच राहतो आणि पुढच्या धक्क्याची वाट पाहतो. ०.९ आणि १ यांतले अंतर कागदावर किरकोळ, पण मध्यवर्ती बँकेच्या दृष्टीने थोडी प्रतीक्षा करणे आणि मोठी मंदी ओढवून घेणे यांतले ते अंतर आहे.

मोजमाप साधे असले, तरी त्यात फसगतीच्या जागा पुष्कळ आहेत. भारतात महागाईचा दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून सांगितला जातो. त्यामुळे एकदाच झालेली उडी पुढचे बारा महिने आकड्यात आपोआप दिसत राहते आणि तेराव्या महिन्यात आपोआप गळून पडते. याला पायाचा परिणाम म्हणतात. ही चिकाटी गणिताने निर्माण केलेली असते, बाजाराने नव्हे. दुसरी फसगत अधिक खोल आहे. एखाद्या देशात दहा वर्षे महागाई नऊ टक्क्यांभोवती आणि नंतरची दहा वर्षे चार टक्क्यांभोवती फिरत असेल, आणि संशोधकाने वीसही वर्षांची एकच सरासरी धरली, तर पहिल्या दशकात दर सतत सरासरीच्या वर आणि दुसऱ्या दशकात सतत खाली दिसेल, आणि निष्कर्ष निघेल की महागाई भयंकर चिवट आहे. प्रत्यक्षात प्रत्येक दशकाच्या आत धक्के झटपट विरत असू शकतात. बदललेली असते ती सरासरी. पियर पेरॉन यांनी १९८९ मध्ये आर्थिक मालिकांविषयी हा इशारा दिला होता. अँड्र्यू लेविन आणि जेरेमी पायगर यांनी २००४ मध्ये बारा औद्योगिक देशांच्या आकडेवारीला तो लावला, तेव्हा सरासरीतील खंड मान्य केल्यावर बहुतेक देशांतला चिवटपणा लक्षणीय कमी झाला. ज्याला महागाईचा स्वभाव म्हटले जात होते, त्याचा मोठा भाग धोरणाच्या बदलत्या नेमाचा होता.

तिसरी फसगत बेरजेची, आणि तिचे उदाहरण नागपूर जिल्ह्याच्या आग्नेयेला, उमरेडच्या पुढे असलेल्या भिवापूरच्या बाजारात जसे दिसते तसे क्वचितच दिसेल. भौगोलिक मानांकन लाभलेली भिवापुरी मिरची हे या तालुक्याचे नाव दूरवर नेणारे पीक. संकरित वाणांनी तिचे क्षेत्र आक्रसले असले, तरी मिरचीचा व्यवहार आणि सातरे, म्हणजे वाळलेल्या मिरचीचे देठ खुडण्याची आवारे, यांच्याशी येथील मजुरी अजून बांधलेली आहे. मिरची आणि टोमॅटो हे दोन जिन्नस एकाच आठवडी बाजारात शेजारी मांडले जातात आणि एकाच भाजीत पडतात, परंतु त्यांच्या भाववाढीचे आयुष्य अगदी निराळे असते.

२०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोचा पुरवठा आटला. देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकातील भाजीपाल्याचा दर जूनमध्ये शून्याच्या किंचित खाली होता. तो जुलैमध्ये ३७ टक्क्यांच्या वर गेला आणि एकूण महागाई ७.४४ टक्क्यांवर पोचली. ऑगस्टमध्ये भाजीपाला २६ टक्क्यांवर, सप्टेंबरमध्ये साडेतीन टक्क्यांच्याही खाली, आणि एकूण दर ५.०२ टक्क्यांवर उतरला. टोमॅटोचे पीक दोन-अडीच महिन्यांत हाती येते आणि फळ साठवता येत नाही. म्हणून धक्क्याचे आयुष्यही जवळपास तेवढेच. मसाल्यांची कथा याच्या उलट आहे. २०२१ च्या अखेरीस आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील मिरचीवर काळ्या फुलकिड्यांचा प्रादुर्भाव झाला आणि गुंटूरच्या बाजारातील आवक घटली. मिरचीचे पीक वर्षातून एकदाच येते आणि वाळलेली मिरची शीतगृहात हंगाम ओलांडून राहते, त्यामुळे तुटवड्याची सावली साठ्यांवर आणि साठ्यांची पुढच्या हंगामाच्या भावांवर पडत गेली. त्यातच २०२३ मध्ये जिरे भडकले. निर्देशांकातला मसाल्यांचा दर २०२२ च्या मध्यापासून २०२४ च्या मार्चपर्यंत सलग दोन आकडी राहिला आणि त्यानंतर चार महिन्यांत शून्याखाली गेला. चढत्या भावाला भुलून वाढवलेला पेरा बाजारात आला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारला आंध्रातील मिरचीसाठी क्विंटलला ११,७८१ रुपये हा बाजार हस्तक्षेपाचा भाव जाहीर करावा लागला. मागच्या वर्षीचा भाव पाहून पेरणी आणि पेरणीमुळे पुढच्या वर्षी उलटा भाव, या चक्राला निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली होती. विदर्भातल्या शेतकऱ्याला २०१५ ची दोनशे रुपयांची तूरडाळ आणि २०१७ मध्ये हमीभावाखाली गेलेली तूर आठवत असेल, तर ती उपमा समजावून सांगण्याची गरज नाही.

२०१२ या पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात भाजीपाल्याचा भार ६.०४ आणि मसाल्यांचा २.५० टक्के होता, आणि अन्न व पेये मिळून ४५.८६ टक्के. म्हणजे भारताचा एकूण आकडा हा दोन महिन्यांची स्मृती असलेल्या, दोन वर्षांची स्मृती असलेल्या आणि कधीच न विसरणाऱ्या अशा अनेक वस्तूंची एक मोट आहे. क्लाइव्ह ग्रँजर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की भिन्न स्मृतीच्या मालिका एकत्र केल्या, तर बेरजेची स्मृती तिच्या बहुतेक घटकांपेक्षा लांब निघते, कारण अल्पजीवी धक्के एकमेकांत विरून जातात आणि बेरजेत शिल्लक उरतो तो चिवट वस्तूंचाच आवाज. भिवापूरच्या गृहिणीला हा सिद्धांत ठाऊक नसला, तरी टोमॅटो महागला तर आठवडाभर कमी आणायचा आणि तिखट महागले तर वर्षभराच्या साठवणीचा हिशेबच बदलायचा, हे तिला पक्के ठाऊक असते.

काळाच्या ओघात चिवटपणा कसा बदलला, याचा शोध घेणाऱ्यांना सर्वांत आश्चर्याचा धक्का एकोणिसाव्या शतकाने दिला. रॉबर्ट बार्स्की यांनी १९८७ मध्ये दाखवले की पहिल्या महायुद्धापूर्वीच्या, म्हणजे चलन सोन्याला बांधलेल्या सुवर्णमानाच्या काळात, अमेरिकेतील महागाईच्या दराला जवळजवळ स्मृतीच नव्हती : यंदा भाव चढले यावरून पुढील वर्षी ते चढतील की उतरतील हे सांगता येत नसे. १९६० नंतर मात्र तोच दर कमालीचा चिवट झाला. भारताचे चलन १८९३ पर्यंत चांदीवर चालत होते, तरी चित्र फार वेगळे नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या नागपूर परिसरातही, धान्याचे भाव भयानक चढले, आणि पाऊस परतल्यावर ते खालीही आले. महागाई चिवट नव्हती. पण जे त्या एका वर्षात भुकेने गेले, त्यांना या अल्पजीवित्वाचा काही उपयोग झाला नाही. कमी चिवटपणा म्हणजे सुस्थिती असे समीकरण मांडणाऱ्या साहित्यात ही बाजू सहसा येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि विशेषतः १९७० च्या दशकात, पाश्चात्त्य देशांत महागाई मुक्कामी आली. ब्रिटनमध्ये १९७५ चा सरासरी दर २४ टक्क्यांच्या वर गेला आणि तो पाच टक्क्यांखाली यायला १९८३ उजाडले. अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांना त्यासाठी व्याजदर अभूतपूर्व पातळीवर नेऊन खोल मंदी पत्करावी लागली. त्यानंतर दर खाली राहिला, पण चिवटपणाही कमी झाला का, यावर दोन तट पडले. टिमथी कॉग्ली आणि टॉमस सार्जंट यांच्या मते तो १९७० च्या दशकात वाढला आणि पुढे घटला. फ्रेडरिक पिव्हेटा आणि रिकार्डो रीस यांनी २००७ मध्ये तीच आकडेवारी तपासून म्हटले की १९६५ पासून तो चढाच राहिला आणि बदलल्याचे ठामपणे सिद्ध करता येत नाही. याच सुमारास जेम्स स्टॉक आणि मार्क वॉटसन यांनी महागाई दोन भागांत पाहिली : सावकाश सरकणारा कल, आणि त्यावर उठणारे व लगेच विरणारे तरंग. सत्तरच्या दशकात कलच हेलकावत होता. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर कल स्थिरावला आणि उरले ते तरंग. ही मांडणी मान्य केली, तर दोन्ही तटांचा वाद बराचसा शब्दांचा ठरतो, कारण कल न्याहाळणाऱ्याला महागाई चिवट दिसते आणि कल वजा करून पाहणाऱ्याला ती चंचल दिसते. यानंतरचा महत्त्वाचा दुवा लुका बेनाती यांनी २००८ मध्ये जोडला : ब्रिटन, कॅनडा, स्वीडन, न्यूझीलंड अशा देशांत महागाईचे लक्ष्य जाहीर करून त्याला बांधून घेतल्यावर चिवटपणा जवळजवळ नाहीसा होतो. सुवर्णमानातही तो नव्हता. म्हणजे तो अर्थव्यवस्थेच्या हाडांत नसून चलनाला खुंटी आहे की नाही, यावर अवलंबून असतो.

या निष्कर्षाने सिद्धांतकारांची मोठी अडचण केली. किंमती रोज बदलत नाहीत, हे जुने ज्ञान; जॉन टेलर यांनी १९८० मध्ये दाखवले होते की मजुरीचे करार वेगवेगळ्या वेळी आणि वर्षांच्या मुदतीने होत असतील, तर प्रत्येक नवा करार जुन्यांकडे पाहून ठरतो आणि भूतकाळ पुढे सरकत राहतो. गिलेर्मो काल्व्हो यांच्या १९८३ च्या मांडणीत दुकानदार मधूनच, नशिबाने संधी मिळाली तर, भाव बदलतो. पण या मांडणीत दुकानदार फक्त पुढे पाहतो, त्यामुळे भाव रेंगाळतात पण महागाईचा दर रेंगाळत नाही. हा दोष जेफ्री फ्यूरर आणि जॉर्ज मूर यांनी १९९५ मध्ये ठळक केला. मग कोणी म्हणाले की काही विक्रेते मागे वळून पाहतात. ग्रेगरी मॅन्क्यू आणि रीस यांनी २००२ मध्ये म्हटले की माहितीच सावकाश पोचते. क्रिस्टोफर अर्सेग आणि लेविन यांनी २००३ मध्ये म्हटले की मध्यवर्ती बँकेच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो आणि तोवर महागाई चिवट दिसते. यांतील शेवटचे स्पष्टीकरण इतिहासाशी सर्वाधिक जुळते. सार्जंट यांनी १९८२ मध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रिया, हंगेरी, जर्मनी आणि पोलंड यांच्या अतिमहागाईचा अभ्यास करून दाखवले होते की सरकारने नोटा छापून तूट भरणे थांबवण्याची विश्वासार्ह व्यवस्था केली, तेव्हा ती अक्राळविक्राळ महागाई महिन्यांत नव्हे, आठवड्यांत संपली.

देशोदेशींच्या फरकांचा सर्वांत बोलका प्रयोग ब्राझीलने केला. तेथे १९६४ पासून भाडे, कर्जे, मजुरी आणि कर हे सारे मागील महागाईला बांधण्याची प्रथा पडली; कोणाचेही नुकसान होऊ नये हा हेतू, आणि परिणाम असा की कालची महागाई कायद्यानेच उद्याची ठरू लागली. १९८६ पासून भाव गोठवण्याच्या एकामागून एक योजना आल्या आणि ढासळल्या, कारण गोठवण्याच्या दिवशी काहींचे भाव नुकतेच वाढलेले असत आणि काहींचे वाढायचे राहिलेले असत. पेर्सिओ अरिदा आणि आंद्रे लारा रेझेंदे या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच सुचवलेला उपाय अखेर १९९४ मध्ये अमलात आला : मार्चपासून सर्व करार रोज बदलणाऱ्या एका हिशेबी एककात लिहायचे, सगळ्यांची घड्याळे अशी एकाच वेळेवर आणायची, आणि १ जुलैला त्या एककालाच ‘रेआल’ या नावाने चलन करायचे. जूनमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक असलेला मासिक दर काही महिन्यांत आटोक्यात आला. इटलीत १९७५ च्या करारानंतर मजुरीचा सरकता जिना असाच महागाईला बांधला होता. तो १९८४ मध्ये आखडला आणि १९९२ मध्ये काढून टाकला गेला. युरोपीय मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये उभारलेल्या संशोधन-जाळ्याने लक्षावधी किरकोळ किंमती तपासून सांगितले की युरो क्षेत्रात महिन्याला सुमारे १५ टक्के किंमती बदलतात आणि अमेरिकेत सुमारे २५ टक्के; सेवांच्या सर्वांत कमी बदलतात. जपान हे उलटे उदाहरण : तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शून्याजवळची महागाईच चिवट झाली, आणि भाव व मजुरी वाढायचीच नाही ही सवय मोडायला जवळपास पाव शतक लागले.

या सर्व स्पष्टीकरणांखाली एक साधा प्रश्न दबलेला आहे : भाव चढल्यावर ज्याचे नुकसान झाले, त्याला ते भरून मागता येते का, आणि किती लवकर? सगळ्यांना तत्काळ मागता आले, तर महागाई ब्राझीलसारखी अमर होते. भाव पुन्हा खाली येतील या विश्वासाने कोणी मागितलेच नाही, तर ती लक्ष्य पाळणाऱ्या देशांसारखी विरते. आणि मागण्याची ताकदच नसेल, तरीही ती विरते. दुसरे आणि तिसरे कारण आकड्यांत अगदी एकसारखे दिसते. समीकरणाला ते वेगळे ओळखता येत नाही. भारताचा इतिहास वाचताना हा भेद हाताशी ठेवला नाही, तर मोठी गल्लत होते.

१९७२ च्या अवर्षणाने, त्यातही महाराष्ट्रातील दुष्काळाने, आणि १९७३ च्या तेलसंकटाने भारतात घाऊक भावांचा दर १९७३-७४ मध्ये २० टक्क्यांवर आणि १९७४-७५ मध्ये २५ टक्क्यांवर नेला. सरकारने जुलै १९७४ मध्ये वटहुकूम काढून वाढीव वेतन आणि अतिरिक्त महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत वळवला, लाभांशांवर मर्यादा घातली. रिझर्व्ह बँकेने बँक दर ७ वरून ९ टक्के केला. १९७५ चा पाऊस चांगला झाला आणि १९७५-७६ मध्ये घाऊक भाव एक टक्क्याहून थोडे अधिक उतरले. ब्रिटन आठ वर्षे झगडत असताना भारतात महागाई दोन वर्षांत नुसती थांबली नाही, उलटली. या यशाचे श्रेय धोरणाला देणे चूक नाही, पण ते अपुरे आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचा महागाई भत्ता दुसऱ्या महायुद्धापासून निर्देशांकाला जोडलेला होता. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या लेबर ऑफिसने जुलै १९१४ हा पाया धरून निर्वाह-खर्चाचा निर्देशांक सुरू केला होता, आणि नव्या निर्देशांकाने भाववाढ कमी दाखवल्याच्या तक्रारीवरून १९६३ मध्ये मुंबईत एवढा असंतोष उसळला की राज्य सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. निर्देशांकाच्या सांख्यिकी जोडणीसाठी कामगार रस्त्यावर उतरतात, ही घटना जगाच्या अर्थशास्त्रीय साहित्यात दुर्मिळच म्हणावी लागेल. पण देशातील श्रमिकांपैकी असा भत्ता मिळणारे मूठभर होते. विदर्भातील शेतमजुराच्या मजुरीला निर्देशांकाची स्मृती नव्हती. ज्वारी महागली की तो कमी खाई, आणि त्याच्या कमी खाण्यात धक्का विरून जाई. भारतीय महागाईच्या तेव्हाच्या अल्पजीवित्वाचा एक हिस्सा या मुकाट सोसण्याचा होता, आणि तो ज्या शोधनिबंधांत ‘कमी जडत्व’ अशा तटस्थ शब्दांत नोंदला जातो, तेथे वाचकाने थोडे थबकणे बरे.

२००९ नंतर चित्र बदलले. त्या वर्षी पाऊस सरासरीहून सुमारे २२ टक्क्यांनी कमी पडला आणि औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार २००९-१० मध्ये महागाई १२.४ टक्के झाली. जुन्या अनुभवाप्रमाणे ती पुढच्या चांगल्या पावसात ओसरायला हवी होती, परंतु पुढील तीन वर्षांत ती अनुक्रमे १०.४, ८.४ आणि १०.४ टक्के राहिली. मायकेल पात्रा, जीवन खुंद्रकपम आणि आशिष जॉर्ज यांच्या अभ्यासाने जागतिक वित्तीय संकटानंतर भारतातला चिवटपणा वाढल्याचे दाखवले. कारणे अनेक सांगितली जातात : हमीभावांतील मोठ्या वाढी, सरकारी तुटी, दूध-अंडी-डाळींकडे वळलेला आहार आणि ग्रामीण मजुरीतील वेगवान वाढ. महाराष्ट्रात जन्मलेल्या कल्पनेवर उभ्या राष्ट्रीय रोजगार हमी योजनेचे मजुरीदर २०११ पासून शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडले गेले. या योजनेवर महागाईचे खापर फोडणे त्या काळी फार सोपे होते. ते अन्यायाचे असले, तरी त्यात एक सत्य दडलेले आहे, ते असे की ग्रामीण मजुराला पहिल्यांदाच थोडीशी भरपाई मागता येऊ लागली होती, आणि भरपाई मागता येते तिथे महागाईला स्मृती येते. ही स्मृतीही तशी अशक्तच. शेतमजुरांच्या त्या निर्देशांकाचा पाया १९८६-८७ चा होता, आणि मजुरी वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये, सुधारली जाई. महाराष्ट्रात ती २०२३-२४ मध्ये २७३, २०२४-२५ मध्ये २९७ आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. केंद्रीय कर्मचाऱ्याचा भत्ता मात्र वर्षातून दोनदा सुधारतो. एकच धक्का दोन वर्गांना दोन वेगवेगळ्या घड्याळांनी मोजून दिला जातो.

जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ऊर्जित पटेल समितीने पतधोरणाच्या चौकटीविषयी अहवाल दिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात महागाईच्या लक्ष्याचा करार झाला. २०१६ मध्ये कायदा बदलून पतधोरण समिती आली आणि चार टक्के, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मुभा, हे लक्ष्य ठरले. पटेल समितीने अन्न आणि इंधन वगळलेला ‘गाभा’ न निवडता संपूर्ण निर्देशांकच लक्ष्य म्हणून निवडला, कारण ज्या देशात घरखर्चाचा जवळपास अर्धा भाग जेवणावर जात होता तेथे लोकांच्या महागाईविषयीच्या अपेक्षा जेवणाच्या खर्चावरूनच घडत. निवड योग्य होती, पण त्यामुळे रिझर्व्ह बँकेला जिच्यावर व्याजदराचा काहीच इलाज चालत नाही त्या टोमॅटोचाही जाब द्यावा लागतो. धक्का पहिल्या फेरीतच विरतो की मजुरी आणि सेवांच्या दरांत शिरून दुसरी फेरी सुरू करतो, एवढेच तिच्या हाती असते. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या दर सहा टक्क्यांच्या वर राहिला आणि बँकेला सरकारला लेखी कारणे द्यावी लागली. तरीही २००९ नंतरसारखी चार-पाच वर्षांची मुक्कामी महागाई या वेळी आली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाला ४२ टक्क्यांनी चढून एकूण दर ६.२१ टक्क्यांवर गेला आणि बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो पाव टक्क्यावर आला. एवढे मोठे हेलकावे, पण मध्याकडे परतण्याची ओढ जुन्यापेक्षा स्पष्ट. हे खुंटीचे काम आहे असे मानायला जागा आहे. त्याच काळात ग्रामीण मजुरीची खरी, म्हणजे महागाई वजा जाता, वाढ जवळजवळ थबकलेली होती, हेही त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

जगात २०२१-२३ ने हाच प्रश्न पुन्हा उघडला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक महागाईला तात्पुरती म्हणत राहिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने तो शब्द मागे घेतला. जून २०२२ मध्ये दर ९.१ टक्क्यांवर गेला, पण एका वर्षात, मोठ्या बेकारीशिवाय, ३ टक्क्यांवर आला. ब्रिटनला ११.१ वरून २ टक्क्यांवर यायला दीड वर्षाहून अधिक लागले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ५६ देशांतील १९७० पासूनचे शंभरावर धक्के तपासून सांगितले की पाच वर्षांत महागाई पूर्ववत झाली ती सुमारे साठ टक्के प्रसंगांत, आणि तिथेही सरासरी तीन वर्षे लागली; शिवाय पुष्कळ ठिकाणी सरकारांनी पहिल्या उताराला विजय समजून धोरण सैल केले आणि ती पुन्हा चढली.

रिझर्व्ह बँक २००५ पासून घरोघरी जाऊन पुढील तीन महिन्यांत आणि वर्षात भाव किती चढतील असे विचारते, आणि त्या शहरांत नागपूरही आहे. सांगितलेला आकडा प्रत्यक्ष महागाईपेक्षा जवळजवळ नेहमीच वर असतो. २०१३-१४ मध्ये तो दोन आकडी होता, आणि महागाई उतरल्यावरही तो सावकाशच उतरत गेला. नागपूरपासून भिवापूरपर्यंत हे सर्वेक्षण पोचत नाही, कारण ते शहरी आहे. सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बाईला वजनाच्या हिशेबाने मजुरी मिळते, आणि अशा असंघटित कामाचा दर कोणत्याही निर्देशांकाला आपोआप जोडलेला नसतो. मिरची तेजीत असो वा मंदीत, तिला विचारायचा प्रश्न पुढच्या वर्षी भाव किती चढतील हा नसून, चढले तर दर वाढवून मागता येईल का, हा असेल, आणि देशाच्या चिवटपणाच्या गुणकात तिच्या उत्तरासाठी सध्या रकाना नाही.